जरा ध्यान ठेवजो

आमच्या घरी सायकल आली ते १९७४ साल. एकाधिकार कापूस खरेदी सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. कापसाचा पैसा एकदम हाती यायचा नाही, हप्त्याहप्त्यानं यायचा. त्याला चुकारा म्हणत. मागच्या हंगामाचा राहिलेला चुकारा मिळाला तशी बाबांनी अकोल्याहून ॲटलस आणली. काळी, चोवीस इंची, मागं कॅरिअर अन् मोठं स्टँड. माय दारातून हळदकुंकू घेऊन आली. आजी म्हणाली, "बैल आनला असता तं शेण तरी देल्लं असतं."

सायकलीसोबत बाबांनी कुलूप वेगळं पैसे देऊन घेतलं. मागच्या चाकाला अर्ध्या कड्यासारखं बसवलेलं असतं, ते. खटका ओढला की दांडा आऱ्यांच्या मधून जाऊन पलीकडे अडकतो आणि मगच चावी निघते. उघडं असलं की चावी त्याच्यातच राहते, काढू म्हटली तरी निघत नाही. ही गोष्ट तेव्हा मला साधी वाटली होती. तिच्यापायी पुढं माझी मान खाली गेली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गावात कुलपाचं काम नव्हतंच. आमच्या गावात तेव्हा सायकली नऊ-दहा. कोणती कोणाची हे लहान पोट्ट्यांनाही घंटीच्या आवाजावरून कळायचं. शिवाय कुलपं अशी, की एकाची चावी दुसऱ्याच्या सायकलीला हमखास लागे.    पण बाबांचा नेम ठरलेला. पानठेल्यावर विडी घ्यायला उतरले तरी स्टँडवर सायकल, खटका ओढलेला, चावी बंडीच्या खिशात. आणि जो कोणी जवळ बसला असेल त्याला, "जरा ध्यान ठेवजो गा."

मी एकदा विचारलं, "कुलूप लावता तं मंग ध्यान कायले ठेवा लागते?"

"कुलूपवाली सायकल खांद्यावर घेऊन जाता येते."

"अन् कोनी ध्यान ठेवते तं मंग कुलूप कायले?"

बाबा हसले. "तू शाळेत जातं ना? मंग तूच सांग." त्यांनी काही उत्तर दिलं नाही. ते उत्तर मला अकोल्यात मिळालं.

आमचं गाव अकोला-अकोट रस्त्याच्या बाजूला, गांधीग्रामपासून पाच-सहा किलोमीटर पुढं. अकोला चोवीस-पंचवीस किलोमीटर पडायचं. मॅट्रिक झाल्यावर घरची सगळी अकोल्याची कामं माझ्याकडे आली. पंपाचा वायसर आण, आजीच्या गुडघ्याचं तेल आण, बियाण्याचा भाव विचारून ये. सायकलीचा रस्ता म्हणजे नुसतं पायडल मारणं नसतं, तो थांबत थांबत होतो. पहिला थांबा पूर्णेच्या पुलाआधी. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्याचा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून गोड पाणी कुठं मिळतं ते सायकलवाल्याला पाठ असायचं. दुसरा थांबा गांधीग्राम. तिथली गुडदाणी साऱ्या जिल्ह्यात नावाजलेली. गूळ-शेंगदाण्याची वडी तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं, की अकोल्यापर्यंत पाय चालतात. पावसाळ्यात तर थांबे मोजूच नये. काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरत नाही. काडीनं उकरायचं, चार हात चालायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकलच माणसावर बसायची.

प्रत्येक थांब्यावर सायकल सांभाळण्याची रीत निराळी. दोघं असले की दोन्ही सायकली उलट-सुलट तोंडानं एकमेकींना टेकवायच्या आणि एका साखळीत दोन्ही चाकं बांधायची. दोन सायकली एकत्र उचलून पळणारा अजून जन्माला यायचा आहे. एकटं असलं की सायकल अशी लावायची, की गुडदाणी घेताना पाठ तिच्याकडे होणार नाही. कुलूप बिघडलेलं असेल तर चेन दात्यावरून पाडून ठेवायची. चोर बसला की पाय नुसते फिरतात, सायकल जागची हलत नाही. काही जण चाकाचा व्हॉल्व्हच काढून खिशात घालत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला पूर्णेचं पाणी नेणारे कावडवाले आदल्या दिवशी गांधीग्रामला जमतात. तेव्हा आम्ही पोट्टे सायकली नेऊन एका झाडाखाली ढीग करायचो. ढिगाभोवती एक दोर अन् ज्याचा पाय मुरगळला असेल तो राखणदार.

आणि सायकल नेली नाही तरी तिच्यातलं काही ना काही जायचं. घंटीची वाटी सगळ्यात आधी. फिरकी उलटी फिरवली की वाटी हातात. मग व्हॉल्व्हचं टोपण, मग सीटचं कव्हर. आमच्या घंटीची वाटी दोन वर्षांत तीनदा गेली. त्यातली एक मीच दुसऱ्याची काढून बसवली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

१९७७ साल. संक्रांत होऊन गेली होती. बाबांचा चष्मा अकोल्याला दुरुस्तीला दिलेला, तो आणायचा होता. मी सकाळीच निघालो. गांधीग्रामला थांबलो, रीतसर कुलूप लावलं. अकोट फैलातून पुढं अकोट स्टँडपर्यंत आलो. तिथून जवळच चष्म्याचं दुकान. दुकानासमोर फूटपाथवर एक म्हातारी बोरं घेऊन बसली होती. टोपलं, त्यावर ओलं फडकं, पुढं मापाचा डबा. मी सायकल तिच्या बाजूला स्टँडवर लावली.

"मावशी, जरा ध्यान ठेवजा. दोन मिनिटात येतो."

"हो हो, जा बाबू."

कुलूप लावलं नाही. का लावलं नाही, हे मी पुढं पुष्कळदा स्वतःला विचारलं. खटका थोडा जाम झाला होता, ओढायला जोर लागे. दोनच मिनिटांचं काम होतं. आणि खरं सांगायचं तर गांधीग्रामला लावलं होतं, तेवढ्यावर माझा दिवसाचा कोटा पुरा झाल्यासारखं मला वाटलं. म्हातारीला सांगितलं, झालं आपलं काम.

दुकानात दोनाची दहा मिनिटं झाली. चष्म्याची काडी बसवायची राहिली होती. बाहेर आलो तर बोरांचं टोपलं होतं, म्हातारी होती, सायकल नव्हती.

आधी वाटलं कोणी बाजूला सरकवली असेल. गल्लीत पाहिलं, हॉटेलामागं पाहिलं. मग पोटात गोळा आला.

"मावशी, सायकल?"

म्हातारी माझ्याकडे पाहतच राहिली. "तुहा भाऊ नव्हता का थो?"

"कोन भाऊ?"

"आता नेली ना त्यानं. चावी होती तिच्यात. स्टँड काढलं, घंटी वाजवली अन् गेला. मले वाटलं तुहा भाऊच असन."

लोक जमले. जमलेल्या लोकांना जे सुचतं तेच कोणाला तरी सुचलं. मागून एक जण बोलला, "या बाया मिळालेल्या असतात चोराईले." मी सतरा वर्षांचा, घरी काय सांगावं या भीतीनं अर्धा झालेलो. कोणाच्या तरी डोक्यावर दोष ठेवायला मिळाला, तो मी दोन्ही हातांनी उचलला. "तुमचाच मानूस होता थो. बोला, कुठी नेली?" असं मी तिला म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहित नाही. कोणाचा तरी पाय टोपल्याला लागला. बोरं फूटपाथवरून नालीकडे गेली. म्हातारी ती वेचायला वाकली. तिनं एवढंच म्हटलं, "मायबाप, मी तं नजर ठेवूनच होती." मी तिच्याकडे पाठ केली आणि चौकीकडे गेलो.

चौकीत विचारलं, सायकलचा नंबर काय? सायकलीला नंबर असतो हे मला ठाऊक नव्हतं. पायडलच्या जवळ नाही तर सीटखालच्या नळीवर तो ठोकलेला असतो आणि बिलावर लिहिलेला असतो, हे तिथं कळलं. बिल घरी होतं, सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत. "बिल घेऊन ये," म्हणून सांगितलं. पुढं बाबांनी बिल नेऊन रिपोर्ट लिहवला. सायकल काही मिळाली नाही.

एसटीपुरते पैसे खिशात होते. पण एसटीनं गेलो तर दिवस असतानाच घरी पोहोचलो असतो. म्हणून पायी निघालो. उगव्याजवळ मागून एक कापसाची रिकामी बंडी आली. त्यातला माणूस म्हणाला, "बस गा." पूर्णेच्या पुलापर्यंत त्यानं नेलं. वाटेत दोनदा विचारलं, "कावून आला पायी?" मी म्हटलं, सायकल पंक्चर झाली, दुकानात ठेवली. खोटं बोलायचा तो सराव होता. घरी तेच जरा मोठं करून बोलायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा कंदील लागला होता. मी पहिल्यांदा चष्मा काढून बाबांच्या हातात दिला, मग सांगितलं. सायकल गेली. कुलूप लावलं होतं. एका बोरंवाल्या बाईला ध्यान ठेवायला सांगितलं होतं. तिचीच माणसं होती, लोकही तसंच म्हणत होते. कुलूप तोडून नेली.

माय डोक्याला हात लावून बसली. आजीनं चोराला नाव न घेता शिव्या दिल्या. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्याला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढं केला.

"चावी दे."

मी खिशात हात घातला. खिशात गुडदाणीचा कागद होता.

कुलूप लावलेलं असतं तर चावी माझ्याजवळ असती. ती नव्हती, म्हणजे ती कुलपातच होती. म्हणजे कुलूप उघडं होतं. याच्यात बोलायला जागाच नव्हती. बाबांनी हात तसाच थोडा वेळ पुढं ठेवला, मग मागं घेतला. मारतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मंग थ्या बाईले काहून बोलला?"

त्या रात्री मी जेवलो नाही, आणि जेव म्हणून कोणी आग्रहही केला नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा मला घेऊन एसटीनं अकोल्याला गेले. मला वाटलं चौकीत जायचं आहे. चौकीचं काम झालं, तसे ते म्हणाले, "चाल, थे बाई दाखव." त्या जागेवर कोणी नव्हतं. चष्म्याच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, त्या दिवसापासून ती इथं बसत नाही. त्याच्यापुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. अकोट स्टँडपासून टिळक रोड, तिथून बाजारात. प्रत्येक बोरंवालीजवळ बाबा थांबायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मी मान हलवायचो. शेवटी दगडी पुलाकडे ती सापडली. उन्हात बसली होती. आधीच्या जागी दुकानाची सावली होती.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. "बाई, ह्या माह्या पोट्ट्यानं तुमाले वाईट बोललं. कुलूप त्यानंच नोतं लावलं. पाय धर रे."

मी वाकलो. तिनं पाय मागं घेतले. ती रागावली नाही आणि माफ केलं असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी का पाहत नोती? पाहूनच होती. पन त्यानं आपली असल्यासारखी नेली. कुलूप हालवलं असतं, उचलली असती, तं मी वरडली नसती का? मले कसं समजन बाबू, कोन मालक अन् कोन चोर?"

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं होतं. राखणाऱ्याला डोळे असतात, पण त्यानं पाहायचं काय? उघड्या सायकलीवर बसून घंटी वाजवत जाणारा चोर मालकासारखाच दिसतो. कुलूप असलं की त्याला वाकावं लागतं, खिळा घालावा लागतो, मागचं चाक उचलून पुढच्या चाकावर ओढत न्यावी लागते, आणि तेव्हा तो चोर दिसतो. कुलूप न लावता मी तिला नुसतं "ध्यान ठेवजा" म्हणालो, तेव्हा जिची राखण होऊच शकत नाही अशी वस्तू तिच्या गळ्यात बांधून गेलो होतो. आणि गेल्यावर तिलाच चोर केलं.

बाबांनी दोन पायल्या बोरं घेतली. एवढी बोरं कोण खाणार होतं? घरी आणून मायनं ती वाळवली. उन्हाळाभर आम्ही ती वाळली बोरं खाल्ली. मला ती गोड लागली असं म्हणता येत नाही.

नंतर दोन वर्षं घरात सायकल नव्हती. बाबा चोहोट्ट्याच्या बाजाराला पायी जात. मग जुनी सायकल आली, तिला नवं कुलूप आलं, आणि मी उतरलो की आधी खटका ओढायला लागलो. अजूनही रात्री झोपेत कधी कधी माझा हात खिशात चावी शोधतो, असं घरचे सांगतात.

पुढं नोकरी अमरावतीला लागली, शाळेत. तिथं सायकल स्टँडची सवय झाली. बडनेरा स्टेशनवर, टॉकीजपाशी, नवरात्रात अंबादेवीच्या रस्त्यावर. स्टँडवाला पत्र्याचे दोन सारख्या नंबरचे बिल्ले काढायचा. एक हँडलला अडकवायचा, एक आपल्या हातात द्यायचा. परत येताना दोन्ही बिल्ले जुळले तरच सायकल सुटायची. पहिल्यांदा बिल्ला हातात घेतला तेव्हा मला ती म्हातारी आठवली. कोण मालक अन् कोण चोर, हे तिनं विचारलं होतं. हा पंचवीस पैशांचा पत्रा तेवढंच सांगत होता. माझ्याकडे असता एक बिल्ला, तर तिचं टोपलं उलटलं नसतं.

त्या सगळ्या गोष्टी हळूहळू गेल्या. स्टँडवर मोटारसायकली आल्या. ज्या ॲटलसवर माझी सगळी गोष्ट उभी आहे, त्या कंपनीचा शेवटचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला आणि तोही नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, ३ तारखेला. गांधीग्रामचा तो जुना पूल २०२२ मध्ये धोक्याचा म्हणून वाहतुकीला बंद केला. त्या पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून मी किती वेळा दम खाल्ला असेल.

पण सायकल परत आली, तीही आमच्याच घरात. नात आठवीत आहे. तिला गिअरची सायकल घेतली. तिचं पुढचं चाक हाताच्या एका खटक्यानं निघतं. मी पाहून घाबरलोच. आमच्या वेळी घंटीची वाटी जायची, आता चाकच जायचं. स्टँड लहानसं, मागं कुलूप नाहीच. वेगळी तार मिळाली, तिला नंबर फिरवून उघडायचं कुलूप. मी तिला शिकवलं : तार आधी पुढच्या चाकातून, मग सांगाड्यातून, मग खांबाभोवती. नुसत्या चाकाला बांधशील तर चाक राहील अन् सायकल जाईल. बिलाचा फोटो आणि सायकलचा नंबर फोनमध्ये ठेव. आणि थांबलीस की जवळच्या माणसाला सांग.

"कोणाला सांगू आबा? सगळे मोबाईलमध्ये असतात."

"तरी सांग."

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघं वलगावपर्यंत गेलो. ती सायकलवर, मी मुलाच्या स्कूटीवर तिच्या मागं. पेढी नदीच्या काठाला गाडगेबाबांचं स्थान आहे. १९५६ च्या डिसेंबरात, २० तारखेला, अमरावतीच्या वाटेवर इथंच त्यांचा देह पडला. दर्शन घेऊन यावं असं मनात होतं. बाहेर एक बाई पेरू घेऊन बसली होती. पेरूचे चार ढीग, मीठ-तिखटाची पुडी.

नातीनं सायकल खांबाला लावली, तार फिरवली, नंबर मोडला. मी मुद्दाम काही बोललो नाही. ती दोन पावलं चालली, थांबली आणि मागं वळून त्या बाईला म्हणाली, "काकू, जरा लक्ष ठेवाल का?"

बाईनं आधी सायकलीकडे पाहिलं, मग तारेकडे, मग पोरीकडे.

"हो, जा माय. कुलूप हाये ना लावलेलं? मंग काई नाई होत."

आम्ही आत गेलो. येताना मी तिच्याकडून दोन किलो पेरू घेतले. नात म्हणाली, "आबा, एवढे पेरू कोण खाणार?"